काका, जहाज नंतर ठरवा. आधी बंदरं बघा

काका, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ६८ वर्षांचे, काकू ६४ वर्षांच्या. नाशिकहून मुलाकडे अटलांटाला येताय आणि डिसेंबरमध्ये मियामीहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ करायचं मनात आहे. काकूंचे गुडघे दुखतात, दोघंही पक्के शाकाहारी. मुलाने तीन जहाजांची माहिती पाठवली आहे, त्यातलं कोणतं घ्यावं हे कळत नाही. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की १९७८ साली भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला जाताना जी बोट लागली होती, ती अजून विसरला नाहीत.

मी चौदा वर्षं फ्लोरिडात राहते. अकरा क्रूझ झाल्या, त्यातल्या पाच आई-बाबांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन. ओळखीतल्या कितीतरी घरांची आखणी मीच करून देते. म्हणून आधी हेच सांगते: तिन्ही जहाजांची पानं जरा बाजूला ठेवा. त्यावरच्या घसरगुंड्या, बर्फाचे रिंक आणि नाटकगृहं बघून तुमचा निर्णय व्हायचा नाही. आजची सगळीच मोठी जहाजं खायला-प्यायला आणि राहायला उत्तम असतात. सहल चांगली होते की फसते ते ठरतं जहाज कुठे थांबतं, तिथे ते धक्क्याला लागतं की समुद्रातच नांगर टाकतं, आणि तिथून तुम्हाला किती चालावं लागतं यावर.

मियामीच्या बाजूने सात दिवसांत दोन वाटा होतात. पश्चिमेकडची वाट मेक्सिकोचं कोझुमेल, होंडुरासचं रोआतान, बेलीझ, ग्रँड केमन, जमैका अशी फिरते. पूर्वेकडची वाट प्वेर्तो रिकोचं सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन अशी जाते. बहामाचं नसाऊ किंवा कंपनीचं स्वतःचं एखादं बेट मध्ये जोडलेलं असतं. तिसरी, दक्षिणेची वाट अरुबा, कुरासाव, बार्बेडोस, सेंट लुशिया यांची. ती माझी सर्वांत आवडती, पण तिच्यासाठी बहुतेक वेळा सान हुआनहून बसावं लागतं किंवा मियामीहून दहा-अकरा दिवस काढावे लागतात.

तुम्ही पूर्वेची घ्या. कारण सांगते.

रत्नागिरीची बोट आठवत असेल तर पडावही आठवत असेल. मोठी बोट खोल पाण्यात उभी, आणि किनाऱ्यापर्यंत माणसांना पडावातून नेणं-आणणं. कॅरिबियनमध्ये तो पडाव अजून आहे. इथे त्याला टेंडर म्हणतात. ग्रँड केमनच्या जॉर्जटाऊनला क्रूझसाठी धक्काच नाही. बेलीझ सिटीला पाणी इतकं उथळ आहे की जहाज कित्येक मैल बाहेर उभं राहतं आणि वीसेक मिनिटं लहान बोटीतून जावं लागतं. टेंडर स्वच्छ, झाकलेला आणि सुरक्षित असतो, खलाशी हात धरून उतरवतात. पण जहाज आणि टेंडर एका तालात हलत नाहीत. पायाखालची फळी एक वीत वर जाते, एक वीत खाली येते, आणि ती वर आली की नेमकं त्याच क्षणी पाऊल टाकायचं असतं. माझ्या सासूबाईंनी केमनला दोन वेळा पाय उचलला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. शेवटी त्या आणि मी जहाजावरच राहिलो. बाकीचे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून स्टिंगरे माशांना हात लावून आले. त्यांच्या गुडघ्यांची मला कल्पना होती, बंदराची नव्हती. दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी टेंडरचं बंदर म्हणजे फुकट गेलेला दिवस, हे मी तिथे शिकले. शिवाय डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड वारा उतरला की टेंडर बंद होतात आणि ते बंदरच रद्द होतं.

सान हुआन, सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन या तिन्ही ठिकाणी जहाज साधारणपणे धक्क्याला लागतं. गर्दीच्या दिवशी सेंट थॉमसला क्वचित टेंडर लावतात, म्हणून बुकिंगआधी वेळापत्रकात बंदराच्या नावापुढे ‘डॉक्ड’ लिहिलंय की ‘टेंडर्ड’, ते मुलाला बघायला सांगा.

सान हुआनमध्ये तर जहाजाच्या शिडीवरून उतरलात की दहा मिनिटांत जुन्या शहरात. निळसर झाक असलेल्या घडीव दगडांचे रस्ते, रंगीत घरं, लाकडी सज्जे. शहराच्या टोकाला एल मोरो किल्ला आहे. स्पॅनिशांनी तो १५३९ साली बांधायला घेतला आणि पुढे अडीचशे वर्षं वाढवत नेला. आपण सिंधुदुर्ग, विजयदुर्ग बघितलेली माणसं, त्यामुळे तटावर उभं राहिलं की तोफा कुठून कुठे रोखल्या असतील हे आपोआप डोळ्यांपुढे येतं. पण मला किल्ल्यापेक्षाही त्याच्या पुढचं विस्तीर्ण हिरवं मैदान आठवतं. समुद्रावरून सतत वारा, आणि त्या वाऱ्यावर घरंच्या घरं पतंग उडवत असतात. आजोबा नातवाच्या हातात दोरा देताना दिसले आणि बाबा तिथेच गवतावर बसले ते तासभर उठलेच नाहीत. बंदराकडून तिथपर्यंत चढ आहे, म्हणून जाताना टॅक्सीने मैदानाच्या कडेपर्यंत जा आणि परतताना उतारावरून सावकाश चालत खाली या. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल या दोन्ही किल्ल्यांना एकच तिकीट चालतं, पण काकूंसाठी एकच करा. आत पायऱ्या आणि उतरणी पुष्कळ आहेत.

सेंट मार्टिन हे एवढंसं बेट, पण अर्धं डच आणि अर्धं फ्रेंच. १६४८ च्या तहापासून तसंच चालू आहे. जहाज डच बाजूला फिलिप्सबर्गला लागतं. फ्रंट स्ट्रीटवरच्या दागिन्यांच्या आणि घड्याळांच्या दुकानांत सिंधी व्यापारी भेटतात, हिंदीत गप्पा होतात, पाणीही मिळतं. मुलगा माहो बीचला चला म्हणेल, कारण तिथे उतरणारी विमानं डोक्याच्या अगदी जवळून जातात. जरूर जा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. विमान उड्डाण घेताना मागच्या कुंपणापाशी उभं राहू नका. तो झोत माणसाला उडवून लावतो, नुसती वाळूही डोळ्यांना इजा करते. आणि परतीच्या वाटेवर सिंप्सन बेचा पूल बोटींसाठी ठरावीक वेळी उचलला जातो, तेव्हा रस्ता तुंबतो. नकाशात अर्धा तास दिसला तर तुम्ही दीड तास धरा.

सेंट थॉमसला फार धावपळ नको. मेगन्स बेला जाऊन सावलीत बसा. पाणी इतकं नितळ असतं की छातीएवढ्या पाण्यातही आपल्या पायाची बोटं मोजता येतात. तिथली वाळू म्हणजे प्रवाळ आणि शंखशिंपल्यांचा पांढरा चुरा, आणि पाण्यात गाळ जवळजवळ नाही. त्यातून तो निळा-हिरवा रंग येतो. नेहमीचं सनस्क्रीन मात्र तिथे चालणार नाही. प्रवाळाला मारक ठरणाऱ्या ऑक्सिबेंझोनसारख्या रसायनांवर यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये बंदी आहे, म्हणून झिंक ऑक्साइडचं घ्या. आणि कुणी नातवंडं बरोबर असतील तर त्यांच्या बॅगेतून लष्करी छापाचे, म्हणजे हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे काढून टाका. बार्बेडोस, जमैका, सेंट लुशिया अशा अनेक बेटांवर ते घालणं सामान्य माणसाला कायद्याने मना आहे, आणि लहान मुलांनाही सूट नाही.

आता वेळेबद्दल, कारण माझी सर्वांत मोठी चूक इथलीच आहे. जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ एक असेलच असं नाही. डिसेंबरमध्ये सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन मियामीच्या एक तास पुढे असतात. काही जहाजं घड्याळ पुढे करतात, काही करत नाहीत. पश्चिमेला रोआतान उलट एक तास मागे. तिथे आम्ही स्वतः टॅक्सी ठरवून किनाऱ्यावर गेलो होतो आणि फोनने आपोआप बेटाची वेळ घेतली. आम्हाला वाटत होतं तास बाकी आहे. प्रत्यक्षात जहाजावर परतायची मुदत संपत आली होती. ते कळलं कुणामुळे, तर शेजारी बसलेल्या बाईंच्या मनगटावर साधं काट्याचं घड्याळ होतं. टॅक्सीवाल्याने जीव तोडून गाडी हाकली. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा दोन खलाशी शिडीपाशी आमच्याचसाठी उभे होते, आणि वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवत होते. मला तेव्हा रडू येत होतं. कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा कंपनी पुढची व्यवस्था करते. स्वतः ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही. म्हणून हातात साधं घड्याळ बांधा, पहिल्या दिवशी ते जहाजाच्या वेळेला लावा आणि उतरताना शिडीपाशी लिहिलेली परतीची वेळ वाचून घ्या. ती सुटण्याच्या वेळेच्या अर्धा तास किंवा त्याहूनही आधीची असते. आपण त्याच्याही तासभर आधी यायचं.

बोट लागण्याचं. तुमची १९७८ ची बोट लहान होती आणि हे जहाज तीनशे मीटरचं आहे, हा मोठा फरक. जहाजाच्या पोटाला पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात, ते दोन्ही बाजूंचं हेलकावणं बरंच कमी करतात. तरी डिसेंबरपासून पूर्व कॅरिबियनमध्ये वारा जोरात वाहतो. बेटावरचे लोक त्याला ख्रिसमसचे वारे म्हणतात. जाताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर जातं, म्हणून पहिले दोन दिवस थोडं हलेल. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांपैकी घ्या. सर्वांत वरच्या मजल्यावरची, टोकाची बाल्कनीची खोली महाग असते आणि सर्वांत जास्त हलतेही तीच. इथे दुकानात मेक्लिझिन नावाची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. पण प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर ती आपल्या मनाने घेऊ नका, नाशिकच्या डॉक्टरांना विचारूनच निघा. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. पोट रिकामं ठेवू नका. सुकं आलं चघळा, डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा. खोलीत आडवं पडून फोन बघत राहिलात तर मात्र हमखास लागणार.

मधली खोली घ्यायला दुसरंही कारण आहे. लिफ्ट जवळ पडते. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे २०२४ च्या जानेवारीत मियामीहून पहिल्यांदा निघालेलं जहाज ३६५ मीटर लांब आहे. अशा जहाजात एका टोकाला खोली आणि दुसऱ्या टोकाला जेवणघर असेल तर तीन वेळच्या जाण्या-येण्यातच दीड-दोन किलोमीटर होतात. म्हणून तुमच्यासाठी मी मध्यम आकाराचंच जहाज घेईन. खोली नाटकगृहाच्या वर किंवा पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली येत नाही ना, ते डेकच्या नकाशावर बघा. पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त असते, पण अंधारात किती वाजले ते कळत नाही. काकूंना सकाळी उजेड लागतो असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा निदान खिडकीची घ्या.

जेवणाची काळजी मात्र मुळीच करू नका. बुकिंगनंतर लगेच कंपनीला शाकाहारी, आणि हवं असेल तर जैन जेवण, असं लेखी कळवा. पहिल्या संध्याकाळी मुख्य जेवणघरात हेड वेटरला प्रत्यक्ष भेटा आणि ‘भारतीय शाकाहारी’ हे शब्द स्पष्ट सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर पास्ता आणि उकडलेल्या भाज्या येत राहतात. दुसऱ्या दिवशीचं आदल्या रात्री सांगून ठेवायचं, म्हणजे डाळ, भाजी, भात, रोटी किंवा पराठा टेबलावर येतो. या जहाजांवर गोव्याची माणसं पिढ्यानपिढ्या काम करत आली आहेत. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात, आणि छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देश लिहिलेला असतो. एकदा आम्ही मराठीत बोलत असताना एक वेटर थबकला. मडगावचा निघाला. कोकणीत म्हणाला, ‘फाल्यां तुमकां दाळ-शीत दितां.’ आणि खरोखर दुसऱ्या रात्री वाटीत फोडणीचं वरण आलं, वर कढीपत्त्याची दोन पानं. आई वाटी हातात धरून नुसतीच बघत राहिली. सात महिन्यांच्या करारावर तो घरापासून लांब होता. आईने त्याला ‘मुलं कितवीत आहेत’ विचारलं, तेव्हा त्याने आधी रुमाल काढला. या माणसांशी बोला. रोजची बक्षिसी, म्हणजे माणशी साधारण १६ ते २० डॉलर, बिलात आपोआप लागते. ती काढून घेऊ नका. ज्याने खरंच जीव लावला त्याच्या हातात शेवटच्या रात्री पाकीट द्या.

घरून काय न्यायचं आणि काय नाही, यात आपल्या लोकांची नेहमी गडबड होते. विजेची किटली, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या धोक्यामुळे तपासणीत काढून घेतात. घरचे लाडू-चिवडा सहसा नेऊ देत नाहीत. दुकानातली सीलबंद पाकिटं चालतात. गरम पाणी खानपानगृहात पहाटेपासून रात्रीपर्यंत मिळतं, तेव्हा चहाची पाकिटं न्या. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका. ती बॅग दुपारी बंदरात हमालाकडे जाते आणि खोलीच्या दाराशी यायला रात्रीचे आठ-नऊ वाजतात. आमच्या बाबांची रक्तदाबाची आणि साखरेची गोळी अशी एकदा अडकली आणि ती संध्याकाळ फार वाईट गेली. औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत हवेत. एका रात्री नटूनथटून जेवायला जायचं असतं. काकूंची एक चांगली साडी असू द्या. अनोळखी लोक येऊन कौतुक करतील.

खाण्याआधी हात साबणाने धुवा. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, कारण जहाजावर जुलाब-उलट्या पसरवणारा नोरोव्हायरस त्याने नीट मरत नाही.

व्हिसाचं बघा. अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा आणि जहाज परत लागेपर्यंत त्याची मुदत हवी, कारण सेंट मार्टिन परदेश आहे आणि तिथून पुढे तुम्ही पुन्हा अमेरिकेच्या हद्दीत येता. सान हुआन आणि सेंट थॉमस अमेरिकेचीच, त्यामुळे तिथे पोहोचताना परदेशी पासपोर्टवाल्यांना कधी कधी जहाजावरच अधिकाऱ्यांपुढे बोलावतात. घोषणा झाली की पासपोर्ट घेऊन जायचं, पाच मिनिटांचं काम. क्रूझहून परतलो म्हणजे सहा महिन्यांची मुदत नव्याने मिळेल असं धरून परतीचं तिकीट काढू नका. बाकी प्रत्येक बंदरासाठी भारतीय पासपोर्टला काय लागतं ते कंपनीकडून ईमेलवर घ्या. मेक्सिकोला चालू अमेरिकन व्हिसा पुरतो, जमैकाला भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. पण सगळ्या बेटांचं तसं नाही, आणि कागद अपुरे असतील तर मियामीच्या काउंटरवरूनच परत पाठवतात.

विमा घ्या, यावर मी अडून बसेन. जहाजावर डॉक्टर असतो, पण बिल आधी आपल्यालाच भरावं लागतं आणि ते मोठं असतं. भारतातून येताना काढलेला अमेरिकेचा विमा समुद्रावर चालतोच असं नाही. त्यात क्रूझ आणि तातडीने विमानाने हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसी उघडून वाचा.

तारखांमध्ये सवलत असेल तर डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा पकडा. थँक्सगिव्हिंग हा नोव्हेंबरअखेरचा अमेरिकन सण झालेला असतो, नाताळ यायचा असतो, आणि भाडं त्या मधल्या दिवसांत उतरतं. चक्रीवादळांचा हंगामही ३० नोव्हेंबरला संपतो. जहाज सुटायच्या दिवशी सकाळच्या विमानाने मियामीला येऊ नका. आदल्या रात्री मुक्काम करा. समुद्रात असताना फोन विमानाच्या मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाचं महागडं मोबाइल नेटवर्क आपोआप पकडतो.

एक मात्र मनातलं सांगते. तुम्ही क्रिकेटवेडे आहात हे तुमच्या पत्रावरून दिसतंच. पूर्वेची क्रूझ अंगी लागली तर पुढच्या खेपेला सान हुआनहून दक्षिणेची घ्या, ज्यात बार्बेडोसचं ब्रिजटाऊन असेल. बंदरापासून केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान अगदी जवळ आहे. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाकडून तिथे सरदेसाईंनी १५० आणि गावसकरांनी नाबाद ११७ काढल्या, आणि २९ जून २०२४ ला भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक उचलला तोही तिथेच. बाबांना घेऊन गेले तेव्हा ते फाटकाच्या जाळीला हात लावून उभे राहिले आणि रेडिओवर ऐकलेले ते दिवस मला सांगत बसले. टॅक्सीवाला बार्बेडोसचा, सत्तरीचा. त्याने थांबण्याच्या पैशांचं नावही काढलं नाही. तो गाडीतून उतरून बाबांशेजारी उभा राहिला आणि बार्बेडोसच्याच थोर क्रिकेटपटू सोबर्सबद्दल बोलू लागला.

आता मुलाला एवढंच सांगा: डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली, मियामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून निघणारी, धक्क्याला लागणारी तीन बंदरं असलेली पूर्वेची क्रूझ शोध. परतीच्या दिवशी अटलांटाचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नको. काकूंसाठी बंदरात चाकाची खुर्ची आत्ताच मागून ठेव. ती फुकट असते, पण आधी सांगावी लागते. खोलीचा क्रमांक मिळाला की डेकच्या नकाशासह मला पाठवा, पैसे भरायच्या आधी मी बघून देते.